उलटा ज

पुण्याहून निमिष आला, लॅपटॉप घेऊन.
म्हणाला, मॅडम, तुमची कंपनी नेमकी कोण आहे
ते तीन शब्दांत सांगा.
मी म्हटलं, तुम्हीच सांगा, त्याचेच तर पैसे ठरलेत.
त्यानं भिंतीवर पाडले: विश्वास. दर्जा. नावीन्य.
खिडकीतून निम्मं उद्यमबाग दिसत होतं.
त्यातल्या कुठल्याही गेटावर हे शब्द चिकटले असते,
पलीकडच्या पत्रावळीच्या कारखान्यावरसुद्धा.

चला, म्हटलं, खाली.

दस्तगीर मुल्ला साखळीला टांगलेला नग
हातोडीनं वाजवत होता.
चांगला नग लांबवर बोलतो,
भेगाळलेला थप्प करून गप्प बसतो.
त्याचा डावा कान परवाच्या वर्षी गेला.
उजवा तो तान्ह्या पोरासारखा सांभाळतो,
दिवाळीत कापूस घालून हिंडतो.
निमिषनं विचारलं, याला तुम्ही काय म्हणता?
"काय म्हणायचं बगू मागनं. गप बसा की जरा, साहेब,
ऐकूलालोय."

मग वही दाखवली.
लाल कापडी पाठीची, अकरावी.
आधीच्या दहा तिजोरीत आहेत,
पैसे आम्ही टेबलाच्या खणात ठेवतो.
बाबांचा नियम: चूक ज्याची, त्यानं लिहायची.
लिहिली तर दंड नाही.
दुसऱ्यानं शोधली, तर आठवडाभर सगळ्यांचा चहा.
इराण्णा कन्नडमध्ये लिहितो, भरमू मराठीत.
भरमूला कन्नड वाचता येत नाही,
म्हणून इराण्णा शनिवारी मोठ्यानं वाचतो,
आपलीच चूक, दोनदा, दोन भाषांत.
दस्तगीर शाळेत गेला नाही, तो चित्र काढतो:
फुगलेला साचा, ओली वाळू,
एकदा स्वतःचंच तोंड, डोळे मिटलेलं.
ती रात्रपाळी होती.

पहिल्या वहीचं पहिलं पान मष्णू सुताराचं.
कंपनीला नाव आत्याचं, जनाक्का.
तिनं ब्लोअरचे पैसे दिले आणि पुन्हा विषय काढला नाही.
लाकडी पॅटर्नवर तिचा ज कोरायचा होता.
मष्णू आधी शहापूरच्या एका छापखान्यात ठोकळे करायचा,
उलटं कोरलं की सुलटं उमटतं
हे त्याच्या बोटांत मुरलेलं.
पण वाळू म्हणजे कागद नव्हे.
वाळूत अक्षर फिरतं,
लोखंडात पुन्हा फिरून माघारी येतं.
पंपाची चाळीस कव्हरं, चाळीसांवर उलटा ज,
आणि कळलं तेव्हा गाडी हुबळीत.
मष्णूनं लिहिलंय: माझ्या हातनं अक्षर फिरलं.
खाली तारीख, सही.
सही मात्र सुलटी.

महिन्यानं तिकडून पत्र आलं,
तो खुणेचा माल होता ना, तोच पाठवा, दुसरा नको.
हुबळीच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मराठी असेल काहीतरी.
निपाणीच्या गिऱ्हाइकाला वाटलं, कानडी असावं.
दोघांनीही कधी विचारलं नाही.
बाबांनी लाकूड तसंच ठेवलं.

निमिष बराच वेळ त्या ज वरून अंगठा फिरवत राहिला.
म्हणाला, पण चूक ब्रोशरवर कशी घालायची?
मला माहीत नाही, म्हटलं.
मला एवढंच माहीत की हुबळीला नग फुटला
तर फोन करणारा आधी वहीचं पान विचारतो,
मग नवा नग.

गेटावरचा फलक गंजलाय.
पेंटर तीनदा येऊन गेला:
कन्नड किती फूट, मराठी किती इंच,
उद्या कुणी येऊन काळं फासलं तर माझ्या मजुरीचं काय.
कायद्यात बसेल तसं लिही, म्हटलं,
फक्त मधे हातभर जागा सोड.
तिथं एक कव्हर बोल्टानं ठोकणार आहे, न रंगवता.

निमिष पाचच्या गाडीनं गेला.
बिल ठेवून गेला, हिशेबाला पक्का माणूस.
मी वही ओढली आणि लिहिलं:
आज तीन शब्दांचे साठ हजार झाले.
चूक माझी. दंड नाही.

सकाळी बघते तर त्याखाली
कुणीतरी पेन्सिलीनं एक कान काढलाय.
उजवा.